अम्मीचा नवा निरोप

अम्मी जाऊन चार महिने झाले होते, आणि गुरुवारी सकाळी तिचा निरोप आला.

भातकुलीच्या पुढचं आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. जमिनीखालचं पाणी खारं. ते पिऊन माणसांच्या किडन्या जातात. माझी अम्मी, नसीमबानो, सगळ्या गावाची आपा, दर गुरुवारी बायांच्या मोबाईल ग्रुपमध्ये बोलायची. लस कधी आहे, लेकरांना काय भरवावं, कोणतं पाणी प्यावं. बाया उलटे प्रश्न विचारायच्या, भांडायच्या, आणि मग तिचं ऐकायच्या. शेवटी तीही किडनीच्याच आजारानं गेली.

"बायांनो, मी नसीमबानो बोलून राहिली. पंजाबरावच्या नव्या बोअरचं पानी गोड हाये. बिनधास्त प्या. लेकराईलेबी पाजा."

तो बोअर तिच्या दफनानंतर खोदलेला. त्याचं पाणी मी अमरावतीला तपासून आणलं होतं; पिण्यालायक नव्हतं. हे सगळं ठाऊक असून मी दार लावलं आणि निरोप पुन्हा ऐकला. 'लेकराईले' म्हणण्याआधी ती थांबायची, तशीच थांबली होती.

पंजाबराव त्या बोअरचं पाणी विकायचे. मी गेले तेव्हा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"ये बेटा. आपाचा आवाज लोकाईले पटते. जुने निरोप मोबाईलात टाकले की त्याच आवाजात नवं बोलते मानूस."

"अम्मी गेली हाये, काका."

"म्हनूनच तं," ते मायेनं म्हणाले. "तिचं काम थांबाले नोको."

घरी येऊन मी ग्रुपमध्ये बोलले. हा आवाज अम्मीचा नाही, पाणी तपासलं आहे, पिऊ नका. बराच वेळ बोलले. कुणी एकही प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये मीच बोलत होते. "मी जेबा. काल दुःखात काहीबाही बोलली. अम्मीचंच खरं हाये." रडून माझा घसा बसला होता, तो बसकेपणाही त्या आवाजात होता.

आता घरोघर जाण्यावाचून इलाज नव्हता. आधी माणिकबाईंकडे गेले. त्या बाजारात भाजी विकतात. दवाखान्यात अम्मीचे पाय त्यांनीच दाबले होते.

"काहून वं, सकाळी एक बोलते, आता दुसरं?"

"ते मी नाई बोलली, काकू. तोंडापुढं सांगून राहिली, माह्याकडं पाहा."

"मंग मोबाईलात कोन हाये, तुही सवत?" त्या हसल्या आणि आतून गिलास भरून आणला. "ऊन लय हाये. आधी पानी घे."

"कुठचं?"

"नव्या बोअरचं."

मी हात मागे घेतला. त्यांचं हसू गेलं.

"आमच्या घरचं पानी चालत नाई का आता तुले? तुही माय इथंच बसून पेत होती."

"काकू, तसं नाई. ते पानी..."

"आपानं सांगतलं म्हनून भरलं. मचूळ लागते जरासं, पर होईन सवय." माझ्याकडे पाहत त्यांनी सगळा गिलास पिऊन टाकला.

आतून सुनेनं विचारलं, "आई, बाळाची पेज याच पान्यात करू का?"

माणिकबाईंनी नजर हलवली नाही.

"कर," त्या म्हणाल्या.