मीठवालीचा भाग

भोसरीच्या एमआयडीसीत सुट्टी गुरुवारची. साऱ्या जगाचा रविवार ज्योतीरामला मशीनसमोर उभं राहून काढावा लागायचा. उदगीरहून नवी बायको घेऊन आलेला माणूस, तेही त्यानं निमूट सोसलं असतं. पण दूरदर्शनवरचा इतिहासाचा कार्यक्रम नेमका रविवारी सकाळीच लागायचा, मेला! सफारी घातलेले एक सर म्हणे नकाशासमोर काठी घेऊन उभे राहायचे आणि मग जुना काळ पडद्यावर चालता-बोलता व्हायचा. म्हणे, कारण ज्योतीरामनं त्याचा एकही भाग कधी बघितला नाही. बघायची त्याची बायको, विजयश्री. आळीतला एकुलता एक टीव्ही घरमालकांच्या माजघरात होता आणि या दोघांची भाड्याची खोली माजघराच्या भिंतीपलीकडं.

संध्याकाळी घरात पाय टाकला, की हातपाय धुवायच्या आधी ज्योतीराम विचारायचा, "मग? काय दाखवलं आज?" विजयश्री पदर खोचायची आणि सुरू व्हायची. लाटणं हातात घेऊन सर व्हायची, राजा व्हायची, राजाचा घोडासुद्धा व्हायची. पोळी तव्यावर करपली तरी तिला पत्ता नसायचा.

त्यातला मीठवालीचा भाग त्याच्या काळजात बसला होता. सातवाहनांचा काळ, जुन्नरजवळचा नाणेघाट. एक बाई गाढवावर मीठ लादून घाट चढून येते. जकातवाला म्हणतो, तू बाजूला उभी राहा, मोठ्या लोकांचे तांडे आधी जाऊ देत. बाई उभी राहते. तांडे जातात, घोडे जातात, हिच्याकडं कुणी बघत नाही. शेवटी ती गाढव वळवते आणि सरळ घाट उतरून जाते. वळूनसुद्धा बघत नाही.

"आणि मीठ?" ज्योतीरामनं विचारलं होतं.

"नेलं परत. बसा म्हणावं अळणी खात."

हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यानं सगळ्यांना तो भाग सांगितला, तोही असा, की जणू स्वतःच बघून आलाय.

आता विजयश्री नाही. गेल्या पावसाळ्यात गेली. ज्योतीराम मोशीच्या फ्लॅटमध्ये एकटा असतो. मुलगा समर्थ हिंजवडीला आयटीत. ट्रॅफिकच्या नावानं खडे फोडत महिन्याकाठी येतो. मागच्या खेपेला त्यानं भला मोठा टीव्ही भिंतीवर लावला आणि त्यात तो जुना कार्यक्रम शोधून दिला. कुणा भल्या माणसानं सगळे भाग यूट्यूबवर टाकले होते. "बघा बाबा, तुमचा राहिलेला रविवार," समर्थ म्हणाला आणि निघून गेला.

ज्योतीरामला बाकी कशाचं काही नव्हतं. बायको जे बघून हसली होती, ते एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचं, एवढंच. सर सापडले, काठी सापडली, सातवाहनांचा भागही सापडला. नाणेघाट आला, सरांनी जकातीचा दगडी रांजण दाखवला, आणि पुढं एकदम राजदरबार. मीठवाली नाहीच. त्यानं भाग पुन्हा लावला. मग पुढचे-मागचे सगळे बघून काढले. कुठंच नाही. राजाचा तो घोडाही नाही, तिनं सांगितलेल्या निम्म्याहून जास्त गोष्टी नाहीत.

फोनवर समर्थ म्हणाला, "बाबा, भाग अख्खा आहे. आईनं दुसरीकडं कुठं बघितलं असेल."

"दुसरीकडं कुठं? टीव्ही काय घरोघरी होते?" ज्योतीराम चिडून म्हणाला.

त्याला चैन पडेना. गुरुवारी तो बस धरून भोसरीला गेला. जुन्या घराच्या जागी मालकांची इमारत उभी राहिलीय. घरमालकीण सोजराबाई आता थकल्यात, पण डोकं शाबूत. चहा झाल्यावर त्यानं मीठवालीचं विचारलं.

"तसलं काय न्हाई दावलं," सोजराबाई म्हणाल्या. "आन् विजयश्री कुठं येत व्हती बघायला?"

"दर रविवारी यायची की, काकू."

"सुरवातीला आली. येक दिस आमची पावनी मंडळी आलती. सासूबाय तिला म्हनल्या, भाडेकरूंनी उंबऱ्याभाईर उभं ऱ्हावा, घरच्यांना बसू द्या. लई वेळ उभी व्हती बिचारी. मग गेली. वळूनसुदीक बगितलं न्हाई. मी दोनदा बोलवाया गेले, तर म्हनली, भितीतनं आवाज येतोय, तेवडा पुरं." सोजराबाईंनी पदरानं डोळे पुसले. "तुला न्हाई बोलली व्हय?"

ज्योतीराम चपला घालून निघाला. परतीच्या बसमध्ये त्याचा स्टॉप मागं गेला तरी त्याला कळलं नाही.

रविवारी सकाळी समर्थचा फोन आला. "सापडला का हो तुमचा सीन?"

"सापडला."

"लिंक पाठवा ना मला."

"लिंक नाही त्याची. तू ये, मी सांगतो."

"या आठवड्यात नाही जमायचं बाबा. रिलीज आहे."

"बरं," ज्योतीराम म्हणाला.

त्यानं टीव्ही लावला नाही. शेजारच्या फ्लॅटमधल्या टीव्हीचा आवाज भिंतीतून येत होता. कुणीतरी काहीतरी बोलत होतं, माणसं हसत होती. तो भिंतीजवळ खुर्ची ओढून बसला आणि ऐकत राहिला. चित्र जुळवायचा प्रयत्न केला, पण त्याला काही ते जमेना. त्याला तिची फार आठवण आली. तिच्या सगळ्या रविवारी त्यानं एकच विचारलं होतं, काय दाखवलं आज. दुसरं काही विचारायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

"आणि तू काय करत होतीस गं दिवसभर?" तो म्हणाला.