कोमेदियाचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. व्हेराक्रूझच्या एका नाट्यगृहात, नव्या संहिता स्वीकारतात त्या खोलीत माझा सारा जन्म गेला. माझ्यावर एकच शब्द कोरला आहे, 'कोमेदिया', म्हणजे विनोदी नाटक. माझा शेजारी 'शोकांतिका' कोरडाठाक पडून असे आणि मी सदा शाईत न्हालेला. त्याचा मला भारी तोरा होता.

एका दुपारी खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातून दोन्या ब्रिहिदा, म्हणजे ब्रिहिदाबाई, आल्या. त्यांचा मुलगा लासारो समुद्रावर गेला तो परतलाच नव्हता. त्याच्यावर त्यांनी आयुष्यातले पहिले नाटक लिहिले होते. पण हे त्यांनी सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही.

"बाई, नाटकाचा प्रकार बोला पटकन," कारकून एवारिस्तो म्हणाले.

"प्रकार? कोमेदियाच की साहेब. दुसरं काय असणार?"

"वा! नाहीतर हे लेखक लोक तासभर डोकं खातात!" असे म्हणत त्यांनी मला पहिल्या पानावर दणकन मारले.

आता सांगताना मान वर होत नाही. दोन्या ब्रिहिदांच्या गावात हसवणाऱ्या नाटकालाही कोमेदिया म्हणतात आणि रडवणाऱ्यालाही.

दिग्दर्शकाने संहितेवर मला पाहिले आणि आईचे काम एका मिशीवाल्या विनोदवीराला दिले. आई मुलाचे ताट वाढून दाराकडे बघत बसते, तिथे हा झगा सावरत ताटावरच्या माशा मारू लागला. प्रयोगाला लोक पोट धरून हसले. दोन्या ब्रिहिदा पहिल्याच रांगेत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या संहिता परत न्यायला आल्या.

"लोक खूप हसले हो," त्या म्हणाल्या. "लासारोलाही हसवायची भारी हौस. पण साहेब, त्याच्या ताटाला का हसले? माझं काही लिहायचं चुकलं का?"

एवारिस्तोंनी ते नाटक तेव्हा प्रथम उघडले. ताटाच्या पानाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"तुमचं नाही हो चुकलं, आई," ते म्हणाले.

मग ते पहिल्या पानावरून मला खोडरबराने घासू लागले. लाजेने मला वाटत होते, निघून जावे एकदाचे. कागद फाटायला आला, पण मी निघालो नाही.

"राहू द्या साहेब, पान फाटेल," दोन्या ब्रिहिदा म्हणाल्या. "त्यावर लासारोचं नाव आहे."

मित्रांनो, कुणाच्याही कामावर शिक्का मारण्याआधी एक पान तरी उलटून बघा. ते पहिले पान आज दोन्या ब्रिहिदांच्या घरी आहे, आणि त्या नावाच्या डोक्यावर मी अजून तसाच आहे.