जोंधळ्याचे फुटवे

भगवंताची गाय मेली तेव्हा मी त्याच्याच ओसरीवर बसले होते, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही. आम्ही जुन्नरचे मणियार. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन मी डिंगोऱ्यापासून पार शिनोलीपर्यंत हिंडत असे, आणि घराघरातल्या बायका मला अनवरीभाबी म्हणत. त्या दिवशी भगवंताची बायको कुशाबाई माझ्यासमोर हात देऊन बसली होती. उजवा हात भरून झाला होता, डावा घ्यायचा होता.

ते बावन्न साल. पावसानं पाठ फिरवलेली. वैरणीसाठी कापलेल्या जोंधळ्याच्या बुडख्यांना कोवळे फुटवे आले होते, आणि शिवारात हिरवं म्हणून तेवढंच उरलं होतं. घरची पवळी गाय नुकती व्यालेली. तिला ओलं मिळावं म्हणून भगवंतानं स्वतः ते फुटवे कापून आणले, तिच्यापुढे भारा टाकला आणि कौतुकानं पाठीवर थाप मारली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

थोड्याच वेळात गाय धापा टाकू लागली. तोंडाला फेस आला, पाय ताणून ती आडवी झाली. कुशा माझ्या हातातून हात सोडवून धावली. तिनं पाणी आणलं, गाईचं डोकं मांडीवर घेतलं. भगवंत खांबाला धरून नुसता उभा होता. गाय तिच्या मांडीवरच गेली.

सासू साळुबाई आतून आली. तिनं आधी गाईकडे नव्हे, सुनेच्या मोकळ्या हाताकडे पाहिलं.

"चुडा भरताना अर्ध्यावर उठतं का कुणी सवाशीण? तसल्या हातानं गाईला शिवली, मग दुसरं काय व्हणार?"

चुडा अर्धा ठेवून उठू नये, हा रिवाज मलाही ठाऊक आहे. पण साळुबाईच्या पोटातलं दुखणं वेगळं होतं. कुशाला मूल नव्हतं. तेही लगेच बाहेर पडलं. "सोताला पोर न्हाई, म्हून वासराच्या गाईला नजर लावली सटवीनं!"

मी गप्प बसणारी नाही. म्हटलं, "साळुबाई, चारा तुमच्या लेकानं टाकलाय. हिनं त्याला हातबी लावला न्हाई. त्या फुटव्यांचंच काय तरी आसंल."

"जोंधळ्यानं गाय मरती व्हय? आपुन रोज त्याचीच भाकर खातो, मेलो का? तू बांगड्या भर बाई, आमच्या घरात नाक खुपसू नगं."

मी भगवंताकडे पाहिलं. भारा मी टाकला, एवढंच त्यानं म्हणायचं होतं. तो खाली पडलेल्या काड्या गोळा करत राहिला. असल्या गप्प माणसाची मला चीड येते. बोलणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. दुसऱ्या दिवशी घरचे कुशाला शिनोलीला तिच्या भावाकडे कायमचं पोचवून आले.

पुढे गावात आणखी गुरं मेली, तेव्हा जुन्नरहून गुरांचा डॉक्टर आला. चावडीपुढे गाव जमलं होतं, मीही फेरीवर असल्यानं थांबले. त्यानं एक फुटवा उपटून सगळ्यांना दाखवला. म्हणाला, "विष इथं आहे, कोवळ्या पानात. झाड लहान असतं, कुणीही येऊन खाईल, म्हणून ते स्वतःला वाचवायला विष तयार करतं. पाणी तुटलं की आणखी वाढतं. दाण्यात ते नसतं, भाकरी खुशाल खा."

भाकरीचं ऐकून लोकांचा जीव भांड्यात पडला. कुशाचं नाव कुणी काढलं नाही. शेवटी मीच साळुबाईला गाठलं.

"मग सुनेला आणाया कवा जाताय?"

"आता कसली सून? भगवंताला डिंभे गावची पोरगी ठरली, सुपारी फुटली. लोकांना काय तोंड दावायचं? चुडा भराया तूच ये."

भगवंत शेजारीच उभा होता. त्यानं मान खाली घातली. नवरा चुकला तर दोष जोंधळ्याचा, आणि बायको न चुकताही दोष बायकोचा! त्या लग्नाला मी गेले नाही.

मी शिनोलीला गेले. कुशा रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. मी तिला डॉक्टरचं बोलणं सांगितलं, डिंभ्याच्या पोरीचंही सांगितलं. तिनं हातोडा खाली ठेवला.

"माझा दोष न्हाई, हे त्यांना कळलं?"

"कळलं."

"समद्यांना?"

"समद्यांना."

तिनं हातावरची खडीची धूळ झटकली. मग म्हणाली, "कोवळं असताना सोताला वाचवायला इख धरतं, आसं म्हनला डाक्टर?"

"व्हय."

"मी त्या घरात गेले तवा चवदा वर्षांची व्हते, भाबी. मला कुणी आसलं काय शिकवलं न्हाई."

मला रडू आलं. तिला आलं नाही. तिनं डावा हात पुढे केला. तो भरायचा राहिलाच होता. तिचं माप मला पाठ होतं, पण खडी फोडून हात सुजला होता, कातडी राठ झाली होती. मी तेल लावलं, हात दाबला, वळवला. बांगडी अंगठ्याच्या बुडाशी अडली. जोर लावला तशी ती फुटली.

कुशाच्या हातावर ओरखडासुद्धा उठला नाही.