चौथ्या प्लगची फट

“डबीवरचा आकडा दुकानदाराला वाचू दे. तू फट मोज. आणि मोजून झाली की डबी पालथी घाल, म्हणजे मागाहून मनाला विचारत बसायला नको.”

आत्या जाऊन सहा वर्षं झाली, तरी बारकीच्या हातांना तिचं हे सांगणं पाठ होतं. गॅरेज आत्यानंच उभं केलं होतं आणि तिच्यामागे ते भाचीकडे आलं. भाची चाळिशीला टेकली, पण नाव बारकीच राहिलं.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला तिनं बाकावरच्या प्लगच्या रिकाम्या डब्या कचऱ्यात टाकायला उचलल्या आणि हात तिथेच थांबला. डब्या चार होत्या. तीन पालथ्या, एक सुलटी.

आदल्या दिवशी दुपारी हसमुखची गाडी आली होती. हा टॅक्सीवाला. त्याचे दात कुणी पाहिलेले नव्हते, म्हणून नाव हसमुख. गाडी पेट्रोलची, पण दोन वर्षांपासून गॅसवर. चढावर झटके देत होती. प्लग काढले तर चारही झिजलेले.

“पेट्रोलला होते तेच टाक की,” हसमुख म्हणाला. “प्लग म्हणजे प्लग.”

“आणि जावई म्हणजे जावई, होय ना? एक पोळी खातो, दुसरा परात संपवतो,” बारकी म्हणाली. “गॅसची ज्योत कोरडी, तापट. त्याला एक पायरी थंड जातीचा प्लग लागतो. आणि टोकाची फट कमी. पेट्रोल सांभाळून घेतं, गॅस घेत नाही.”

“महागातले बसव मग. ते फार टिकतात म्हणे.”

“त्यांचं टोक सुईसारखं, फट कमी करायला वाकवलं की मोडतं. साधेच घ्या, मी फट बसवून देते. फक्त लवकर बदलावे लागतील.”

त्याची बायको मागच्या सीटवर बसून होती. आठवड्यातून तीनदा तो तिला घाटाखालच्या दवाखान्यात रक्त शुद्ध करून घ्यायला नेतो. तिचा चेहरा पिवळट, सुजलेला. काच खाली करून ती हळूच म्हणाली, “मागच्या खेपेला वळणावर बंद पडली गं. मागून ट्रक येत होता. हे खाली उतरून हात दाखवत होते आणि मला दारसुद्धा उघडता येईना.”

“आता नाही बंद पडणार, वहिनी. माझा शब्द.”

शब्द तर देऊन बसली. मग मोजायची पातळ पट्टी प्लगच्या टोकात सरकवून एकेक फट बसवत गेली. तिसरा झाला आणि दुकानदाराचा फोन आला. बेल्ट आलाय, कधी नेतेस, कुठल्या मापाचा, तू म्हणालीस तो नाही. फोन ठेवून ती परत आली आणि चारही प्लग गाडीत बसवले. चौथा मोजला होता का?

डबी म्हणत होती, नाही मोजला. पण डबीवर तरी भरवसा ठेवायचा कसा? रोज सकाळी सासूबाई बाक पुसायच्या.

“आई, बाकावरच्या डब्या हलवल्यात का तुम्ही?”

सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. “मी कशाला हलवू?” त्यांनी जुडी बाजूला ठेवली. “एक पडली होती बहुतेक. का उचलून ठेवली? नाही, ती कालची. का परवाची गं?”

“उलटी होती का सुलटी?”

“अगं, डबी ती डबी! तिला काय पोट आणि पाठ असते?”

बारकी शेजारच्या गाडीचं तेल काढायला बसली. नटाला पाना लावला आणि तशीच थबकली. उठून पाणी प्यायली. परत बसली. शंकेची पाल काही चुकचुकायची थांबेना. आज हसमुखची दवाखान्याची खेप. जाताना उतार असतो, त्यामुळे गाडी मजेत गेली असणार. खरी परीक्षा परतीच्या चढावर. ऐन ओझ्याखाली रुंद फटीतून ठिणगी उडायला कचरते आणि न जळलेला गॅस मागच्या मागे भडकतो. दणका बसून गाडी जागच्या जागी बंद. नेमकी वळणावर.

तिनं हसमुखला फोन लावला.

“कशी चालतेय गाडी?”

“पाण्यासारखी. पण उतारावर काय, धोंडाही पळतो.”

“बरं. तब्येत कशी वहिनींची?”

“मशीनवर घेतलंय. दोनला सुटेल. काय गं, काही होतं का?”

“काही नाही. सहज.”

फोन ठेवला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं तिनं.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” चौथ्या प्लगचं ऐकून सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. “तीन नीट बसलेत ना? एका प्लगनं काय आभाळ कोसळतंय? आणि समोरचा मिस्त्री टपूनच बसलाय. बाईमाणसाचं गॅरेज म्हणून गावभर करेल.”

समोरचा मिस्त्री खरंच दारातच उभा होता, दात कोरत. बारकीनं त्याच्याकडे पाहिलं, मग पायाखालच्या फरशीकडे. मूठ झाकली तर तिची अब्रू राहील. पण गाडीच्या मागच्या सीटवर ती नसणार, ज्या बाईला दारही उघडता येत नाही ती असणार.

घड्याळात अकरा वाजले होते. स्कूटरनं घाट उतरायला तास.

तिनं पुन्हा फोन लावला. या वेळी तब्येत विचारली नाही. “ऐका. चौथ्या प्लगची फट मी मोजली की नाही, मला आठवत नाही. मी तिकडे येतेय. गाडीचं झाकण उघडून ठेवा, इंजिन गार होऊ दे. तापल्या इंजिनातून प्लग काढला तर आटे खराब होतात.”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला; हसमुख बायकोपासून लांब, बाहेर आला होता.

“म्हणजे चूक झाली?”

“झाली असेल. पाहिल्याशिवाय कसं सांगू?”

“तिला सांगू नकोस हं. कालपासून पहिल्यांदाच ती घाटाचं नाव काढत नाहीये.”

“नाही सांगत. दोनच्या आत पोचते. मी येईपर्यंत गाडी चढावर घालू नका.”

“थांबतो,” हसमुख म्हणाला. “नीट चालव गं. घाईत येऊ नकोस.”

तिनं पाना घेतला, मोजायची पट्टी घेतली, एक जादाचा प्लग घेतला आणि त्याची फट तिथेच उभ्यानं, दोनदा मोजून बसवली. सगळं एका कापडात गुंडाळून पिशवीत टाकलं. पिशवीत पाण्याची बाटली मात्र सासूबाईंनीच सरकवली.

शटर अर्धं ओढलं, तसा समोरून आवाज आला. “काय बारके, भर दिवसा दुकान बंद? काल केलेलं आज उसवायला निघालीस का?”

“हो,” बारकी म्हणाली.

तिनं हेल्मेटचा पट्टा लावला, पिशवी दोन पायांमध्ये ठेवली आणि स्कूटर घाटाच्या रस्त्याला लावली.