क्लचचं पेडल

"दबाइए," धनंजय शेलार म्हणाला.

सूर्यभान सिंहने क्लच दाबला. ट्रकच्या दारातून अर्धा आत वाकून धनंजयने आपला उजवा तळहात त्याच्या डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, सपाट ठेवला होता. डोळे मिटलेले.

"एक बार और."

"अरे फौजी, इलाज गाड़ी का कर रहे हो कि हमारा?" सूर्यभान म्हणाला. बाहेर उभी असलेली त्याची माणसं हसली.

धनंजयची ही पद्धतच होती. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं काढून तो निवृत्त झाला तेव्हा शेवटची पोस्टिंग लखनौला होती. बायको मधुमतीला इथल्या एका इस्पितळात नोकरी लागलेली होती, म्हणून नगरला परत न जाता त्याने ट्रान्सपोर्ट नगरमध्ये गॅरेज टाकलं. एखाद्या गाडीत दुसरं इंजिन बसवायचं असलं की गिअरबॉक्स ठरवण्याआधी तो चालवणाऱ्याला सीटवर बसवायचा आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचा. इंजिनाचा जोर किती ते पुस्तकात मिळतं, माणसाचा मिळत नाही, असं तो म्हणे.

सूर्यभानचा ट्रक लष्करी लिलावातला होता. मूळचं दमलेलं पेट्रोल इंजिन काढून तिथे मोठं डिझेल इंजिन बसवलं होतं. आता त्याला गिअरबॉक्स हवा होता. मूळचा ओतीव लोखंडी बॉक्स साखळीच्या कप्पीला लटकत होता. नव्या इंजिनाच्या जोरापुढे त्याचे दात टिकले नसते. खाली जमिनीवर दोन पर्याय ठेवलेले होते. एक मॅन्युअल, एक ऑटोमॅटिक. मॅन्युअल साधा, कुठेही दुरुस्त होणारा. बहुतेकांना धनंजय तोच सुचवायचा.

पण तळहाताखालची मांडी गप्प होती. पेडल दाबताना गुडघ्यावरचा स्नायू ताठ व्हायला हवा. तो भिजलेल्या कापसासारखा पडून होता. पेडल खाली जात होतं ते कमरेच्या जोरावर. पाठ सीटला रेटून सूर्यभान अख्खा पाय काठीसारखा पुढे ढकलत होता.

धनंजयने डोळे उघडले.

"ठाकुर साहब, मैन्युअल भूल जाइए. आपके बाएँ पैर में जान नहीं है. ऑटोमैटिक लगेगा."

ऑइल गळतंय, हे सांगावं तशा सुरात, तितक्याच मोठ्याने तो बोलला होता. हसणं थांबलं. मडगार्डला टेकून मोबाइल बघत बसलेल्या अंकुरने, सूर्यभानच्या पुतण्याने, मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर आधी कुतूहल आलं, मग हळूच आनंद.

सूर्यभानच्या कमरेत गोळी लागली होती आणि तो पूर्ण बरा झाला असं घाघरा नदीच्या काठावर सगळे मानत होते, हे धनंजयला माहीत नव्हतं. त्या काठावर वाळूचा धंदा होता. दर हिवाळ्यात तिथे चढाची शर्यत भरायची आणि सूर्यभान उभ्या दरडीवर स्वतः गाडी चढवायचा. ज्याची गाडी वर जाते त्याच्या वाळूला कोणी हात लावत नाही. आणि अंकुर काकाच्या जागेची वाट बघत होता.

"किसके पैर में जान नहीं है?" सूर्यभान खाली उतरला.

पहिली लाथ पोटात बसली. धनंजय फरशीवर आडवा झाला. दुसरी बरगडीत. तिसऱ्या लाथेला त्याच्या ध्यानात आलं की हा माणूस उजव्याच पायाने मारतोय आणि तेव्हा एका हाताने मडगार्ड धरतोय. हे मात्र तो बोलला नाही. बोलायला श्वास नव्हता.

वेल्डिंगवाला नफीस धावत आला. दोघांनी त्याला भिंतीशी दाबून धरलं आणि एकाने पाना घेऊन त्याचं नाक फोडलं.

"जिस हाथ से टटोल रहा था, वो हाथ लाओ."

त्यांनी धनंजयला ओढत कप्पीला लटकणाऱ्या जुन्या बॉक्सखाली नेलं. उजवा हात लोखंडी पाटावर पसरला. मनगटावर एकाने गुडघा रोवला. अंकुरने साखळी हातात घेतली. कप्पीवरून वजन कोसळत नाही. साखळी ओढावी तसं टिक टिक करत, दात दात मोजत खाली येतं. धनंजयला तो आवाज पाठ होता. लोखंड बोटांना टेकलं तेव्हा नुसता गारवा लागला. पुढच्या टिकला हाड मोडल्याचा आवाज त्याने दुखण्याच्या आधी ऐकला. अंकुर थांबला नाही. काका पुरे म्हणेपर्यंत तो ओढत राहिला, आणि काकाने पुरे म्हणायला वेळ लावला.

"एतवार को ले जाएँगे," सूर्यभान म्हणाला. "मैन्युअल लगेगा." मग नफीसकडे वळून त्याने त्याच्या दोन्ही मुलींची नावं घेतली आणि त्यांच्या शाळेचं नाव घेतलं. "पुलिस-वुलिस मत करना."

मधली दोन बोटं काढावी लागली. मधुमती त्याच इस्पितळात हाडांच्या वॉर्डात सिस्टर होती, त्यामुळे ती ऑपरेशनच्या वेळी आत होती. बाहेर आल्यावर तिने कोपऱ्यात जाऊन हात खूप वेळ धुतले.

आलमबागच्या त्यांच्या घरात तिने त्याला उशांना टेकवून बसवलं.

"आता काय करणार आहात?"

"गिअरबॉक्स बसवायचाय."

"कुठला?"

त्याने डाव्या हाताने चादर सारखी केली.

"अहो, गेल्या वर्षी घाघरेवरच्या त्या शर्यतीत ट्रक मागे आला, त्याखाली सापडलेला मुलगा माझ्याच वॉर्डात होता. कमरेखाली काही उरलं नव्हतं त्याच्या. पाणी मागत होता सारखा आणि पाजता येत नव्हतं."

"माहितेय."

"मग मॅन्युअल बसवायचा नाही. नगरला जाऊ. दादा आहे तिथे. बंद करा ते गॅरेज."

"मी गेलो तर दुसरा कोणी बसवेल, मधू. आणि नफीस कुठे जाईल?"

"नफीसलाही घेऊन जाऊ. पण तुमच्या हातून नको."

धनंजयने बँडेजकडे पाहिलं. "हाताचं म्हणशील तर तो आता तसाही—"

"विनोद करू नका. तुम्हाला तोंड आवरलं असतं तर ही वेळ आली नसती. मनात ठेवायला काय झालं होतं? सगळ्यांसमोर बोलायचं असतं का असं?"



चढावर गाडी अडली की काय होतं ते त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. मॅन्युअलमध्ये इंजिन गिअरला जोडलेलं असेल तर गाडी दरडीला धरून राहते. पण घाबरलेला माणूस क्लच दाबतो. तो दाबला की इंजिन सुटतं, आणि अर्धमेला पाय पेडलवर अडकून राहिला तर सगळं ब्रेकवर येतं. चिखलातला ओला ब्रेक एवढं वजन धरत नाही. खाली माणसं उभी असतात, मोबाइल वर करून. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला कामच नसतं. सूर्यभान मेला असता तर धनंजयला वाईट वाटलं नसतं. त्याने तसा प्रामाणिकपणे विचार करून पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजमध्ये गेला. नफीसचं नाक सुजून गालांत मिसळलं होतं.

"शटर गिरा दो," धनंजय म्हणाला. "ऑटोमैटिक चढ़ाओ."

"उस्ताद, मरवाओगे."

"चढ़ाओ तो."

जुना क्लच त्याच्या पेडलसकट निघाला, नवा बॉक्स चढला. गिअरच्या दांड्याला नफीसने जास्तीची नळी जोडली, वर मॅन्युअलसारखी काळी गोल मूठ बसवली, खाली रबराची घडी. मग धनंजयने डाव्या हाताने भंगारातून क्लचचं एक पेडल काढून दिलं.

नफीसने ते उलटसुलट करून पाहिलं. "ये काहे के लिए? ऑटोमैटिक में क्लच कहाँ होता है?"

"क्लच नहीं होता. पेडल तो हो सकता है."

नफीसने वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला. पेडलला त्यांनी फक्त एक स्प्रिंग लावली, नुसता पाय टेकवला तरी खाली जाईल आणि पाय उचलला की वर येईल अशी. त्याच्या मागे काहीच नव्हतं.

रविवारी सकाळी सगळे आले. सूर्यभान मडगार्ड धरून वर चढला, सीटवर बसला. धनंजय, हात गळ्यात अडकवलेला, खिडकीशी उभा राहिला. सूर्यभानने पेडलवर पाय ठेवला. ते सहज खाली गेलं. त्याने पुन्हा दाबलं. मग त्याची नजर दांड्यावर गेली, तिथून धनंजयवर आली आणि तिथेच थांबली. नफीस भिंतीशी सरकला.

"क्या हुआ चाचा?" अंकुर पुढे आला. "गड़बड़ है?"

सूर्यभानने पेडल आणखी एकदा दाबून सोडलं.

"क्लच हल्का बनाया है," तो म्हणाला.

"जी," धनंजय म्हणाला.

गॅरेजमागे मातीचा उंच ढिगारा होता. ट्रक त्यावर चढला, मुद्दाम मध्येच थांबला, तिथे धरून राहिला आणि पुन्हा चढून वर गेला. माणसांनी शिट्ट्या मारल्या. ट्रक खाली आला तेव्हा अंकुरने दार उघडलं.

"लाइए, एक राउंड हम भी—" म्हणत त्याने पायरीवर पाय ठेवला आणि आत वाकला.

सूर्यभानने कमरेचं पिस्तूल काढून त्याच्या तोंडावर आडवं मारलं. अंकुर मागे मातीत पडला. खालचा ओठ फाटून दात दिसत होते. सूर्यभानने दार लावून घेतलं.

"इस सीट पर हमारे सिवा कोई नहीं बैठेगा."

त्याने बोटाने धनंजयला खिडकीपाशी बोलावलं. आवाज इतका खाली होता की धनंजयला कान जवळ न्यावा लागला.

"हम, तुम और नफीस. चौथे को पता चला तो पहले नफीस के घर जाएँगे. तुम्हारी घरवाली भी चौथी है. समझे?"

"समझा."

"हाथ कैसा है?"

"दो उँगलियाँ गईं."

"हूँ," सूर्यभान म्हणाला आणि पेडलवर डावा पाय ठेवून, दांडा पुढे सारून निघून गेला.

संध्याकाळी मधुमतीने ताटात वरणभात कालवला. ऑपरेशन झाल्यापासून तीच त्याला घास भरवत होती. तिसरा की चौथा घास त्याच्या तोंडाशी नेताना तिने विचारलं,

"गेली गाडी?"

"गेली."

"कुठला बसवला शेवटी?"

बाहेर मेट्रो गेली. ती जाईपर्यंत त्याला थांबता आलं.

"त्याला हवा होता तो."

तिचा हात हवेत राहिला. तिने घास ताटात परत ठेवला, बोटं ताटाच्या कडेला पुसली आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं. ती उठून आत गेली. मोरीत पाण्याचा आवाज सुरू झाला आणि बराच वेळ चालू राहिला.

धनंजयने डावा हात ताटाकडे नेला. बोटं जुळवून भात उचलला. अर्धा वाटेत सांडला, अर्धा तोंडापर्यंत पोचला.