सासऱ्यांची दाढ आणि हवेतला हात

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ते यंत्र मोठ्या हौसेनं बसवून घेतलं. हातमोज्यांनी माउस धरायचा, की मोजे बदला. पुन्हा धरला, की पुन्हा बदला. त्यापेक्षा हे बरं. पडद्याखालच्या कॅमेऱ्यासमोर हवेत हात फिरवला की एक्स-रे सरकतो, मूठ उघडली की मोठा होतो, मनगट वळवलं की डाव्याचा उजवा होतो. पहिले दोन दिवस बाई माश्या हाकलताहेत असंच वाटे. तिसऱ्या दिवशी हात बसला आणि नेमके त्याच दिवशी खुर्चीत सासरे बसले.

सासरे निवृत्त हेडमास्तर. तोंडात कापूस कोंबलेला, त्यामुळे सगळी वक्तृत्वकला हातांत उतरलेली.

"बाबा, हात पोटावर ठेवा."

ठेवले. पण सुई दिसल्याबरोबर दोन्ही हात वर गेले आणि मनगटं गरागरा फिरली. त्याच क्षणी बाईंची पाठ पडद्याकडे होती. वळून पाहिलं, तर पडद्यावर किडकी दाढ उजवीकडे. सकाळपासूनचे अकरा पेशंट डोक्यात घुमत होते. बाई सुई घेऊन उजवीकडे वळल्या.

"अं! अं!" सासऱ्यांनी हात झाडले. पडद्यावर आता कुणा भलत्याच बाईचा जबडा आला.

"लहान मुलासारखं काय करता? मुंगीएवढं दुखेल."

वीस वर्षांचा अनुभव असलेल्या नर्सनं घसा खाकरला. "बाई, सूज डावीकडे आहे."

डावा गाल पुरीसारखा टम्म फुगलेला. बाईंनी सुई खाली ठेवली. सासऱ्यांची धडधाकट दाढ उपटून घरी कुठल्या तोंडानं गेल्या असत्या?

सासऱ्यांनी कापूस काढला. "कधीचा सांगतोय. तुझं यंत्र माझं ऐकतं, सूनबाई, तू ऐकत नाहीस."

"चुकलं, बाबा," त्या म्हणाल्या. घरात हे शब्द त्यांनी आजवर कुणालाच ऐकवले नव्हते.

नर्सनं यंत्र बंद केलं, प्लास्टिक गुंडाळलेला माउस पुढे केला. सासऱ्यांनी बोटानं दाढ दाखवली, बाईंनी तीच दोनदा ठोकून पाहिली, मगच काढली.

पुढे महिनाभर सासऱ्यांनी हा किस्सा आल्यागेल्याला सांगितला. दर खेपेस सुई वीतभर लांब होई. पण दोष मात्र प्रत्येक वेळी यंत्राचा असे. सुनेचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. बाई शेजारीच बसून ऐकत आणि एक अक्षर दुरुस्त करत नसत.