पाव्हण्यांचा तांदूळ

इंटरव्ह्यूला कोणी तांदूळ घेऊन जातं का? मी गेले. सासूबाईंपुढे माझं काही चालत नाही.

झालं असं, की पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची टीम आमच्या पोशीर गावाजवळच्या रिसॉर्टवर मुक्कामाला आली होती. "दर्शना मॅडम, तुम्ही तिथल्याच ना? मग मुलाखतीची शेवटची फेरी तिथेच उरकू," असं त्यांच्या एचआरची नम्रता फोनवर म्हणाली, आणि मी हुरळले. कारण माझ्या सध्याच्या कंपनीने घरून काम बंद केलं होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं: बंगळुरूला या, नाहीतर राजीनामा द्या. जगदीशचा, माझ्या नवऱ्याचा, खोपोलीतला कारखाना बंद पडलेला. मुलगी पहिलीत. घर माझ्याच पगारावर. ही नोकरी मिळाली तर घरी राहून काम करता येणार होतं, नाही मिळाली तर पोरीला सोडून जायचं होतं.

"पावणं आपल्या गावात आलेत," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्याकडं रिकाम्या हातानं नाय जायचं गं."

"आई, ते माझी परीक्षा घेणार आहेत."

"घेऊ दे की. तांदूळ पन घेतील." आणि घरच्या नव्या तांदळाची पिशवी त्यांनी माझ्या हातात कोंबली.

रिसॉर्टच्या हॉलमध्ये फळा होता. समोर तिघं तरुण इंजिनिअर, कोपऱ्यात त्यांचे साहेब, हर्षद सर, आणि शेजारी फोनवरची ती नम्रता. पिशवी मी फळ्याखाली ठेवली.

"एकच खोली एकाच क्षणी दोघांनी बुक केली, तर तुमची सिस्टिम काय करेल?" ओमकार नावाच्या पोराने विचारलं.

प्रश्न माझ्या हातखंड्याचा. असल्या भानगडी निस्तरण्यात माझी बारा वर्षं गेलीत. मी दोन वाक्यं बोलले नाही तोच ओमकार म्हणाला, "ते राहू द्या. आधी एखादी यादी उलटी करून दाखवा." हे तर कॉलेजातल्या पोरांना विचारतात! केली. मग दुसऱ्याने मोबाइलमध्ये बघून पुन्हा खोलीचाच प्रश्न वाचला. तिघांतली मुलगी म्हणाली, "परत पहिल्यापासून सांगाल?" मी परत सांगितलं. पुन्हा ओमकारने मध्येच तोडलं. माझं डोकं असं तापलं होतं की त्यावर भाकरी भाजली असती, पण पोरीचा चेहरा आठवून हसत राहिले. नवल म्हणजे हर्षद सर माझ्याकडे बघतच नव्हते. ते त्या तिघांकडे बघत आणि लॅपटॉपवर टिपत. मला वाटलं, मोठ्या माणसांची असेल काहीतरी पद्धत.

शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी नव्हे.

"छान! ओमकार, तू समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाहीस, तेवढं सुधार. बाकी सोमवारपासून तुम्ही खऱ्या मुलाखती घ्यायला हरकत नाही."

"खऱ्या?" मी म्हणाले. "मग ही कसली होती?"

हर्षद सरांनी नम्रताकडे पाहिलं. ती गोड हसली. "मॅडम, जागा तर मागेच भरली. मुलांना सरावाला कोणीतरी अनुभवी माणूस हवं होतं. लांबून कुणाला बोलावणं बरं दिसलं नसतं. तुम्ही काय, इथल्याच!"

मी हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवला. अशीही माणसं असतात? घरी कोणी वाट बघत असेल, एवढंही यांच्या मनात येऊ नये? मी वाकून पिशवी उचलली.

"अय्या, हे आमच्यासाठी होतं ना?" नम्रता म्हणाली.

"पाव्हण्यांसाठी होतं," मी म्हणाले आणि निघाले.

गेटबाहेर उभं राहून मी बंगळुरूला कळवलं, येते.

सासूबाई पडवीतच बसल्या होत्या. पिशवी बघून म्हणाल्या, "घेतला नाय त्यांनी?"

मी सगळं एका दमात सांगितलं आणि मग मला रडू आवरेना. त्या उठल्या. पिशवी घेऊन आत गेल्या. मला वाटलं, तांदूळ कणगीत परत टाकतील. पण त्यांनी कणगीतून आणखी दोन ओंजळी काढून पिशवीत भरल्या आणि तोंड सुतळीने घट्ट बांधलं.

"बंगलोरला असा तांदूळ मिळायचा नाय गं," त्या म्हणाल्या. "हा तूच ने."